शिंपल्याच्या पट्ट्यांची माशी

परसबागेचे काम माझ्याकडे आले ते माझ्या अंगी त्या विषयाचे काही ज्ञान आहे म्हणून नव्हे. मी मराठी शिकविते. रोपाला पाणी केव्हा घालावे आणि केव्हा घालू नये, हेसुद्धा मला शाळेच्या शिपायाने शिकविले. परंतु पूर्वीचे गुरुजी निवृत्त झाले, वेळापत्रकात माझे दोन तास मोकळे निघाले आणि तेवढ्याच पुण्याईवर आठवीची बत्तीस मुले, चार कुदळी आणि वांग्याचे दोन वाफे माझ्या स्वाधीन झाले. बी आगशीच्या वांग्याचे होते, त्यामुळे गावकऱ्यांचे लक्ष वाफ्यांकडे जरा अधिकच असे.

ही गोष्ट २०२२ च्या ऑक्टोबरातली. पाऊस ओसरला होता, वांगी फुलावर आली होती. एका मुलाने फुलावरची माशी दाखवून विचारले, "टीचर, ही कसली माशी?" काळी, जेमतेम एक सेंटीमीटर लांबीची, आणि पोटावर हिरवट निळे आडवे पट्टे. एका सचित्र पुस्तकात निळ्या पट्ट्यांच्या माशीचे चित्र मी काही दिवसांपूर्वीच पाहिले होते. शिक्षकाला ठाऊक असलेल्या थोड्या गोष्टींपैकी एखादी अचूक विचारली गेली की जो आनंद होतो तो मला झाला. मी तिथल्या तिथे सांगितले, ही अमेगिला झोनाटा. लिनियसने १७५८ साली तिचे वर्णन केले. वर्गात गेल्यावर ते नाव फळ्यावर लिहिले आणि वहीत उतरवून घ्यायलाही लावले.

चौथ्या दिवशी वर्गातील एक मुलगी भिंग घेऊन माझ्यापाशी आली. ती फारशी बोलत नसे. परीक्षेत लिहीत असे तेही मोजकेच. वाफ्यापाशी मला ओढत नेऊन तिने भिंग फुलावर धरले आणि मराठी शाळेत मराठीच बोलायचे हा आमचा नियम विसरून घरच्या भाषेत म्हणाली, "टीचर, हो पट्टो केंसांचो न्हय!"

आणि खरोखरच तो केसांचा नव्हता. माझ्या पुस्तकातील चित्राखाली स्पष्ट लिहिले होते की, अमेगिलाच्या पोटावरील निळे पट्टे म्हणजे आखूड, दाट केसांच्या रांगा. अंगावरही तिच्या तांबूस लव असते. माशी म्हातारी झाली की पट्ट्यांचे केस झडतात, जुन्या मखमलीसारखी ती विटते. आमच्या माशीच्या पट्ट्यावर मात्र एकही केस नव्हता. पोटाच्या प्रत्येक वलयाची मागली कडाच गुळगुळीत, मिनाकाम केल्यासारखी होती आणि मान वळवली की तिचा रंग हिरव्याचा निळा, निळ्याचा मोतिया होई. मी उपमा शोधत राहिले. मुलगी म्हणाली, "आमच्या आजीच्या घरच्या खिडकीसारखा." गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची तावदाने असत. ती ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या माशीच्या पट्ट्याचे वर्णन आणखी करून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'अमेगिला' पुसावे लागले. बत्तीस वह्यांतून ते खोडवून घ्यावे लागले. चूक कबूल करणे हे मोठेपणाचे लक्षण आहे, असे मी निबंधाच्या तासाला पुष्कळदा सांगितले आहे. प्रत्यक्ष कबूल करताना मात्र कानशिले तापतात, एवढीच माझी अनुभवाची भर. एका मुलाने विचारलेच, "मग ही कोण?" मला सांगता येईना.

पुढचे दोन आठवडे मी आणि ती बत्तीस मुले त्या माशीच्या मागे होतो. वांग्याच्या फुलात मध नसतो, ही गोष्ट मला तेव्हा कळली. तिथे आहे तो केवळ पराग, आणि तोही पिवळ्या परागकोशांच्या नळ्यांत कोंडलेला. नळीच्या टोकाला बारीकसे छिद्र असते, मिठाच्या भांड्याला असते तसे. घरोघर पाळली जाणारी सातेरी मधमाशी अशा फुलावर आली तर बहुधा रिकाम्या हातांनी परतते. आमची माशी मात्र त्या नळ्यांना मिठी मारी, अंगाचा विळखा करी आणि पंख न हलवता सारे शरीर थरथरवी. उडण्याचेच स्नायू, परंतु पंखांपासून सोडवून घेतलेले. त्या कंपाने छिद्रातून पराग पिठासारखा तिच्या पोटावर झडे. उडताना तिचा आवाज खालच्या पट्टीत असे, फुलावर तो एकदम चढे. आमच्या वर्गात तबला वाजवणारा एक मुलगा आहे, तो डोळे मिटून माशी उडते आहे की फुलावर आहे ते बिनचूक सांगे. वांग्याला अशा कंपनावाचून फळ धरतच नाही असे नाही; वाराही थोडे काम करतो. पण माशीच्या थरथरीने परागण चांगले होते, हे अभ्यासकांनी पाहिले आहे.

पराग घेऊन ती जाते कोठे, हा पुढचा प्रश्न. मुले धावत गेली आणि धावतच परत आली. ती कुठेच दूर जात नव्हती. शाळेच्या पश्चिम बाजूला, जिथे प्रार्थनेच्या वेळी सातवी-आठवीच्या रांगा उभ्या राहतात, त्या कडक तांबड्या भुईवर पेन्सिल शिरेल एवढी भोके होती. काहींच्या तोंडाशी चिमूटभर भुसभुशीत माती. आम्ही मोजली, ती ४१ भरली. पाय देऊन देऊन आम्ही ज्या जमिनीला मेलेली समजत होतो, तिच्याखाली ४१ बिऱ्हाडे होती.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पालकांच्या सभेत, पावसात मुलांचे पाय चिखलाने भरतात, वर्गांत घाण होते, म्हणून त्या पश्चिमेच्या अंगणात सिमेंटच्या फरश्या बसवाव्यात, असा प्रस्ताव मांडला गेला होता आणि एकमताने संमतही झाला होता. तो मांडणारी मीच होते. पैसे जमले होते. काम उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायचे ठरले होते.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, कारण ते सज्जन गृहस्थ आहेत, आणि मग विचारले, "माशीचे नाव काय?" मी म्हटले, अजून ठाऊक नाही. ते म्हणाले, "बाई, व्यवस्थापनापुढे मी काय लिहू? 'एक प्रकारची माशी' असे लिहिले, तर ते औषध फवारायला माणूस पाठवतील."

त्या दिवशी घरी जाताना मला वाटले, नावात काय आहे असे म्हणणाऱ्यांनी कधी अर्ज लिहिलेला नसावा.

पश्चिम घाटातील माश्यांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक परिचितांच्या ओळखीने सापडले. त्यांना छायाचित्रे पाठविली. त्यांचे उत्तर आले ते प्रश्नांचेच होते. पुढच्या पंखातील बुडाकडची शीर सरळ आहे की कमानीसारखी वाकलेली? पाठीच्या मागल्या टोकाला दोन काटे दिसतात काय? नराच्या मागल्या पायाची मांडी कशी आहे? मुलांनी एक माशी उलट्या पेल्याखाली पाच मिनिटे कोंडली, पाहिले आणि सोडून दिली. शीर कमानीसारखी होती. ती कमान पाहिली की कुल ठरते, हॅलिक्टिडी. इंग्रजीत या कुलातील माश्यांना घामावरून नाव पडले आहे, कारण त्यांतील कित्येक बारक्या माश्या माणसाच्या अंगावर बसून घामातील क्षार चाटतात. पाठीवर काटेही होते. मागल्या पायांची मांडी नरामध्ये पहिलवानासारखी फुगलेली होती. प्राध्यापकांनी लिहिले, प्रजाती नोमिया. त्यातही 'शस्त्रधारी' अशा अर्थाच्या हॉप्लोनोमिया या गटातली. काही तज्ज्ञ त्या गटाला स्वतंत्र प्रजाती मानतात. पण जात कोणती, हे छायाचित्रावरून सांगणार नाही. नमुना पाठवा.

घाममाशी हे नाव ऐकल्यावर मुलांनी त्याच दिवशी प्रयोग केला. कबड्डी खेळून, घामाने निथळत, आठ-दहा जण बिळांपाशी हात पसरून बसले. आमच्या पट्टेवाल्या माश्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांच्याच कुलातील एक मुंगीएवढी काळपट माशी मात्र कोठूनशी आली आणि एकाच्या कोपरावर बराच वेळ बसून राहिली. तो मुलगा पुढे आठवडाभर ते कोपर सर्वांना दाखवीत हिंडत होता.

नमुना म्हणजे मेलेली माशी, टाचणीला टोचलेली. वर्गात दोन तट पडले. जिला वाचवायचे तिलाच मारायचे काय, असे एक तट म्हणे. मीही मनाने त्याच तटाची. मी प्राध्यापकांना तसे लिहिले. त्यांचे उत्तर थोडे कडक होते. त्याचा आशय असा, की फरशा बसल्या तर खालच्या कोठड्यांतील अंडी आणि अळ्या एकजात संपतील. त्यापुढे एका नराची किंमत मोजायला मी कचरत असेन, तर ते माझ्या मनाचे समाधान आहे, माश्यांचे नव्हे. नर बिळे खणीत नाहीत, पराग आणीत नाहीत, एक गेल्याने बिऱ्हाड उघडे पडत नाही.

हे नर संध्याकाळी कोठे जातात ते आम्हांला ठाऊक होते. त्यांना घर नसते. दिवस मावळला की कुंपणाजवळच्या वाळल्या गवताच्या काडीवर ते ओळीने चिकटून झोपत. एका काडीवर आठ, दुसरीवर पाच. शाळा सुटल्यावर मी एकटीच गेले, काचेची बाटली काडीखाली धरली आणि टोकाचा एक नर तिच्यात झाडला. घरी नेऊन शीतपेटीत ठेवला. रात्रभर मला त्या पेटीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटत होता. दुसऱ्या दिवशी मुलांना सारे सांगितले. भिंगवाली मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नमुन्याच्या डबीवर चिकटवायचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहून आणला: गाव, तारीख, 'वांग्याच्या वाफ्याजवळ, गवताच्या काडीवर झोपलेला'. त्यावर जातीच्या नावाची जागा तिने मोकळी सोडली होती.

तीन आठवड्यांनी नाव आले: हॉप्लोनोमिया वेस्टवुडी. ग्रिबोडो या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने १८९४ साली ती जात वर्णिली. ज्यांच्यावरून नाव दिले ते जॉन वेस्टवुड ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १८९३ साली वारले. आमच्या प्रार्थनेच्या रांगेखाली राहणाऱ्या माशीचे नाव एका इंग्रजाचे आणि ते ठेवणारा इटालियन, याचे मुलांना फार आश्चर्य वाटले. माझ्या घरी आम्ही सगळ्याच मधमाश्यांना म्होंवामूस म्हणत आलो. तिला कोकणीत किंवा मराठीत वेगळे नाव असल्याचे कोणा वडीलधाऱ्याला आठवले नाही. लेफ्टनंट कर्नल बिंगहॅम यांनी भारतातील गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ १८९७ साली निघाला. त्यातील नोमियांवरची पाने प्राध्यापकांनी मला पाठविली. शब्दकोश घेऊन वाचावी लागली, पण प्रत्येक जातीचे पाय, काटे आणि पट्टे इतक्या आस्थेने लिहिलेले पाहून त्या लष्करी गृहस्थाविषयी मला आदर वाटू लागला.

नाव कळले म्हणजे कपाटाची किल्ली सापडल्यासारखे होते. आत काय आहे ते पुढे एकेक काढून पाहावे लागते. जगात मधमाश्यांच्या सुमारे वीस हजार जाती आहेत आणि आमच्या पाठ्यपुस्तकात चार. पोळे, राणी, कामकरी, मध हे सारे जे आपण शिकवितो ते मूठभर जातींचे वर्णन आहे. बहुसंख्य माश्या एकट्याने राहतात आणि त्यांतील बहुतेक जमिनीत घर करतात. आमची ही माशी स्वतः बीळ खणते. बिळाच्या आत मातीच्या कोठड्या करते, पोटातील ग्रंथीतून झरणाऱ्या रसाने त्यांना आतून सारवते. हा लेप वाळला की पाणी आत शिरत नाही. मग पराग आणि मधुरस मळून एक गोळी, गोळीवर एक अंडे आणि कोठडी बंद. एकाच दारातून दोघी-तिघी येजा करतात असेही नोमियांत आढळते, परंतु राणी आणि दासी असा भेद त्यांत नाही. माझ्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या वाड्यासारखे. दार एक, चुली चार."

याच कुलाच्या दुसऱ्या शाखेतील माश्या मात्र निरनिराळ्या पायऱ्यांवर उभ्या दिसतात. कोणी एकटी, कोणी मुलींना हाताशी धरून घर चालवणारी. सुझॅन बात्रा या विदुषीने भारतातील अशा माश्यांची बिळे उकरून त्यांचा संसार पाहिला आणि १९६६ साली त्यावर लिहिताना, आई आणि तिच्या वाढलेल्या मुली जिथे कामे वाटून घेऊन एकत्र राहतात अशा व्यवस्थेसाठी 'युसोशल' असा नवा शब्द योजला. मुंग्या, वाळवी, मधमाश्या यांच्याविषयी लिहिणारा जगातील प्रत्येक अभ्यासक आज तो शब्द वापरतो. तो घडला भारतातील घाममाश्यांच्या निरीक्षणातून, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले. माझ्या कुठल्याच शाळेत ते कोणी सांगितले नव्हते.

मार्चमध्ये व्यवस्थापनाची सभा झाली. मी माझाच प्रस्ताव मागे घेण्यासाठी उभी राहिले. एका सभासदांनी विचारले, "मुलांना चावली तर?" मी सांगितले, नांगी फक्त मादीला असते, ती सौम्य असते आणि पाच महिने बत्तीस मुले त्या बिळांशेजारी बसत होती; एकालाही डंख झालेला नाही. दुसरे म्हणाले, कीटकासाठी अंगण सोडायचे हे कोठे ऐकले आहे काय? त्यावर मला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील शेतकरी सांगता आले. तिथे नोमियाचीच एक जात, मेलँडरी नावाची, लसूणघासाच्या फुलांचे परागण करते. बियाणे चांगले यावे म्हणून ते शेतकरी तिच्यासाठी जमिनीचे मोठमोठे तुकडे मुद्दाम मोकळे राखतात. खालून नळ टाकून ओलावा देतात आणि वर मीठ पसरून तो टिकवतात. हे ऐकून ते गृहस्थ गप्प झाले, परंतु पटले असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

शेवटी प्रश्न सुटला तो निराळ्याच वाटेने. सभेत एक वृद्ध सभासद होते, सातेरीच्या देवळाशी ज्यांच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. गोव्यात सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते. आम्ही त्या वारुळाला रोयण म्हणतो. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "भोके कुणी खणली म्हणता? माशीने? जमिनीत?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "मग तिथे फरशी घालू नका." रोयण वाळवीची असते, ही माशी वेगळी, हे सांगायला माझे ओठ हलले होते. सांगितले नाही. अमेगिलाच्या वेळी मी न विचारता बोलले होते. या वेळी विचारले असते तरी बोलले असते की नाही, याची खात्री देववत नाही.

तीन बाजूंना फरशा बसल्या. पश्चिमेकडे अकरा पावले लांब आणि चार पावले रुंद असा पट्टा मोकळा राहिला, त्याला जांभ्याच्या चिऱ्यांची कड घातली. सातवी-आठवीच्या रांगा आता दक्षिणेकडे सरकल्या आहेत. पावसात त्या पट्ट्यावर अजूनही चिखल होतो आणि तो तुडवून वर्गात आणणारी मुलेही आहेतच; त्याबद्दल शिपाई माझ्याकडे पाहतो, बोलत नाही. पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, ऑक्टोबर अर्धा संपला तरी एकही भोक दिसेना. कामाच्या वेळी गाडीची चाके त्या पट्ट्यावरून गेली होती. मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन पाहून येई. मग दसऱ्यानंतर एक दिसले, आठवड्यात सहा झाली.

गेल्या ऑक्टोबरात आठवीच्या नव्या मुलांनी मोजणी केली. डबीवरच्या कागदात जे नाव नंतर भरले गेले, ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून त्यांनी खाली आकडा लिहिला आहे: २९. त्यांतली दोन मुंगळ्यांची असावीत, असा माझा संशय आहे. भिंग घेऊन एकदा पाहिले पाहिजे.